मिनू काय करून राहिली?

बरेच दिवस इथे काही लिहिणं झालं नाही. घरात लग्नकार्य होतं, मग पाहुणे, मग पाहुण्यांचे पाहुणे. आणि प्रत्येकाचा एक प्रश्न ठरलेला : "मिनू काय करून राहिली आजकाल?"

मिनू माझी भाची, दादाची मुलगी. कोराडीच्या कॉलनीत वाढली, नागपुरात बी.एस्सी. केलं आणि गेली चार वर्षं गोव्यात समुद्रविज्ञानात पीएच.डी. करते आहे. इथपर्यंत सगळ्यांना समजतं. "कशात?" असं कुणी पुढे विचारलं की वहिनी स्वयंपाकघरात जाते आणि दादा चष्मा पुसायला लागतो. आमच्या एका मामांनी त्याचं सोपं उत्तर काढलं आहे : "समुद्रातले किडे मोजते."

आता हे अगदी खोटं नाही. पण मागच्या महिन्यापासून घरात त्या किड्यांवरून जे काही चाललंय ते बघता एकदा नीट लिहून ठेवावं असं वाटलं. नातेवाईक मंडळींपैकी निम्मे लोक हे वाचतातच (आणि वाचून फोन करतात, शेरा इथे लिहीत नाहीत, हे मला माहीत आहे). तेव्हा पुढच्या लग्नात हा प्रश्न विचारायचा नाही, बरं का.

मी नागपूरच्या शाळेत एकतीस वर्षं भूगोल शिकवला. भरती-ओहोटी हा चार मार्कांचा प्रश्न. मध्ये पृथ्वी, एका बाजूला चंद्र, दोन्ही बाजूंना फुगलेलं पाणी, बाण काढा, नावं द्या. समुद्र आमच्यापासून आठशे किलोमीटर. वर्गातल्या बहुतेक मुलांनी तो सिनेमात पाहिलेला. पाणी दिवसातून दोनदा वर येतं आणि दोनदा खाली जातं, इथे धडा संपायचा. पाणी वर-खाली होताना त्याच्या पोटात काय होतं, हे पुस्तकात नव्हतं. मिनूचं सगळं काम त्या पोटातलं आहे.

ती मोजते ते झूप्लँक्टन. मराठीत प्राणिप्लवक. प्रवाहाविरुद्ध पोहून जायची ताकद नाही, पाणी नेईल तिकडे जायचं, असे प्राणी. बहुतेक इतके बारीक की ग्लासात घेतले तर धूळ समजून पिऊन टाकाल. त्यांत सगळ्यात जास्त असतात कोपेपॉड : मिलिमीटरभर लांब, अंगापेक्षा मोठ्या वाटाव्यात अशा दोन मिशा, थेंबासारखं शरीर. पृथ्वीवरच्या सगळ्या प्राण्यांत संख्येने बहुधा हेच पहिल्या काही नंबरांत असतील. ते पाण्यातली सूक्ष्म वनस्पती खातात, त्यांना माशांची पिल्लं खातात, पिल्लांना मोठे मासे खातात आणि मोठे मासे आपण. म्हणजे जे खात असतील ते.

तुम्ही म्हणाल, आम्हाला यातलं काय माहीत असणार? पण माहीत आहे. आपल्या घरातल्या दोन गोष्टी सांगते.

पहिली, नारू. आजी पाणी भरताना हंड्याच्या तोंडावर चौपदरी धडपा बांधायची, आठवतं? तिच्या माहेरच्या गावी पायऱ्यांची विहीर होती आणि गावात नारू होता. माणसाच्या पायातून हातभर लांब जंत बाहेर पडायचा. रोगी पाण्यात उतरला की त्या जंताची पिल्लं पाण्यात जायची, पाण्यातला सायक्लॉप्स नावाचा जीव ती गिळायचा, आणि ते पाणी न गाळता प्यालेल्या माणसाला वर्षभराने नारू व्हायचा. हा सायक्लॉप्स म्हणजे गोड्या पाण्यातला कोपेपॉड. मिनूच्या कोपेपॉडांचा सख्खा चुलत. भारतातला नारूचा शेवटचा रोगी १९९६ साली राजस्थानात सापडला आणि २००० साली देश नारूमुक्त जाहीर झाला. त्यात औषधाचा वाटा नाहीच म्हटलं तरी चालेल, कारण नारूवर औषध नव्हतंच. विहिरींच्या पायऱ्या बुजवणं, पाण्यात औषध टाकून सायक्लॉप्स मारणं आणि आजीचा धडपा. आजीच्या धडप्यात आणि मिनूच्या जाळीत फरक एवढाच की आजी खाली उतरलेलं पाणी ठेवायची, आणि मिनू वर अडकलेला गाळ ठेवते.

दुसरी, जवळा. वहिनी कांदा घालून सुकटीची चटणी करते ती ज्याची, तो. आपल्याकडे नदी-तलावातले झिंगे खातात, त्यांचा हा समुद्रातला भाऊबंद. दोन-तीन सेंटिमीटरचा, पारदर्शक. एवढा मोठा असूनही तो प्लवकांतच मोजला जातो, कारण प्रवाहापुढे त्याचंही काही चालत नाही. मुंबई-रायगडचे कोळी तो डोलीने पकडतात. डोल म्हणजे लांबलचक पिशवीसारखं जाळं, समुद्रात खुंटांना नाहीतर नांगरांना बांधून ठेवलेलं. माशाच्या मागे जायचं नाही, जाळं एका जागी ठेवायचं आणि भरती-ओहोटीच्या प्रवाहाला त्यातून जाऊ द्यायचं. पाणी गाळलं जातं. जवळा, करंदी, मांदेली, बोंबील मागे राहतात. उधाणाला प्रवाह जोरात, डोली भरतात. भांगाला प्रवाह मरगळतो, डोलीही रोडावतात.

उधाण आणि भांग हे शब्द माझ्या विदर्भातल्या वाचकांसाठी सांगायला हवेत. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास चंद्र-सूर्य एका ओळीत येतात, तेव्हा पाणी फार वर चढतं आणि फार खाली जातं. ते उधाण. अष्टमीच्या सुमारास दोघांची ओढ काटकोनात, तेव्हा पाणी जेमतेम हलतं. तो भांग. दोन्हींमध्ये साधारण आठवडा. एकतीस वर्षं मी याला "भांगाची भरती" असं पुस्तकातलं नाव सांगत आले आणि 'भांग' म्हटलं की मागच्या बाकावरची मुलं होळीची आठवण काढून हसायची. :)

आता मुख्य गोष्ट. वरण करून ठेवलं तर थोड्या वेळाने काय होतं? वर पाणी, खाली डाळ. पळीने ढवळलं की एकजीव. किनाऱ्याजवळच्या समुद्राचं हेच आहे. ऊन वरचं पाणी तापवतं, नद्या वरून गोडं पाणी ओततात. तापलेलं आणि गोडं पाणी हलकं, म्हणून वर तरंगतं. खारं, गार, जड पाणी खाली. थर बसतात. भरती-ओहोटीचा प्रवाह तळाशी घासत जातो, भोवरे उठवतो आणि हे थर मोडतो. कुठे थर जिंकतात, कुठे घुसळण जिंकते. जी जिंकेल तिच्यावर त्या पाण्यात कोण राहणार हे ठरतं.

ते कसं? सूक्ष्म वनस्पतींना दोन गोष्टी लागतात, उजेड आणि खत. उजेड वर असतो. खत, म्हणजे नत्र-स्फुरद, तळाशी गाळात. थर पक्के बसले तर वर उजेड आहे पण खत संपत येतं. मग तिथे लहान, शेपटीने पोहणाऱ्या वनस्पती टिकतात आणि त्यांना खाणारे लहान जीव. घुसळण झाली की खत वर येतं, डायटम नावाच्या जड, काचेच्या डबीतल्या वनस्पती बुडायच्या वाचतात, त्यांच्यावर चरणारे कोपेपॉड वाढतात. पण घुसळण फारच झाली तर? मग चिखल उठतो. पाणी चहासारखं होतं, उजेड हातभरसुद्धा खाली जात नाही, आणि खत भरपूर असून वनस्पती उपाशी. तिथे मग गाळातलं कुजकं-मुजकं, त्यावरचे जिवाणू असं मिळेल ते खाणाऱ्यांचं राज्य. जवळा त्या पंथातला. काहीही चालतं त्याला.

आपल्या पश्चिम किनाऱ्यावर खालून वर जाल तशी ही पळी मोठी होत जाते. कोचीला पाण्याचा चढउतार मीटरभराच्या आतबाहेर. गोव्याला दोनेक मीटर. मुंबईला मोठ्या उधाणाला चारच्या पुढे. आणि खंभातच्या आखातात दहा मीटरच्या आसपास, म्हणजे आपल्या कॉलनीतली तीनमजली इमारत. मुंबईच्या समुद्राला गढूळ म्हणून नाकं मुरडतात (मीसुद्धा चौपाटीवर मुरडलं होतं), त्या गढूळपणात शहराच्या घाणीचा वाटा आहेच, पण बराचसा तो या पळीचा आहे. बोंबील मुंबई-गुजरातकडे उदंड आणि रत्नागिरीच्या खाली विरळ, त्याचंही नातं या गढूळ, घुसळलेल्या, जवळ्याने भरलेल्या पाण्याशी आहे. बोंबील जवळ्यावर तुटून पडतो.

मागच्या वर्षी ऑगस्टमध्ये मी मिनूकडे आठ दिवस राहून आले. पावसाळ्यात गोव्याला कोण जातं, असं सगळ्यांनी विचारलं. मिनूनेच बोलावलं होतं, "आत्या, मांडवी बघायची तर पावसाळ्यात."

रायबंदरच्या फेरी धक्क्यावर गेलो. चोडण बेटावर जाणारी फेरीबोट लागते तिथे. मांडवी लाल-तपकिरी, भरून वाहत होती, सगळं पाणी समुद्राकडे. मिनूने एक बाटली दोरीला बांधून वरचं पाणी काढलं आणि म्हणाली, चाखून बघ. चाखलं. गोडं, मातकट. मग तिने एक वेगळी बाटली सोडली, ती खाली जाऊन झाकण लागणारी. त्या पाण्याचा थेंब जिभेवर ठेवला तर चक्क खारट! वरून नदी समुद्राकडे चालली होती आणि तिच्या पोटाखालून समुद्र गुपचूप आत शिरला होता. एकाच जागी, पुरुषभर अंतरावर दोन वेगळी पाणी.

"आणि दोन वेगळी गावं," मिनू म्हणाली. वरच्या पाण्यात नदीतून वाहत आलेले गोड्या पाण्याचे जीव आणि थोडा खारटपणा सोसणारे कोपेपॉड. खालच्या पाण्यात समुद्राची मंडळी. उन्हाळ्यात याच जागी नदी आटलेली असते, भरती आत पन्नासेक किलोमीटर जाते, आणि रायबंदरला वरपासून खालपर्यंत पाणी जवळपास सारखंच खारं. गाव एकच. पावसाळ्यात मात्र रोज भांडण. नदी थर बसवते, भरती मोडते.

या लहान जीवांची मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे त्यांची चिकाटी. प्रवाह सेकंदाला मीटरभर, आणि कोपेपॉड पोहतो सेकंदाला काही मिलिमीटर. आडवं जाऊन काहीच साधणार नाही. पण वर-खाली जाता येतं. तळाशी प्रवाह मंद असतो. मग काही जाती ओहोटी लागली की खाली जातात, भरती आली की वर येतात. वरचा जोराचा प्रवाह त्यांना आत आणतो, खालचा मंद प्रवाह बाहेर नेतो, पण कमी नेतो. असं करत करत ते खाडीत टिकून राहतात. खेकड्यांची पिल्लंसुद्धा असंच करतात. नागपूरच्या बसमध्ये गर्दीच्या वेळी दरवाज्यात उभं राहिलेल्याला जे कसब लागतं ते हेच. पण उधाणाला घुसळण इतकी की खाली गेलेल्यालाही वर फेकलं जातं. सगळे वरपासून खालपर्यंत सारखे विखुरतात. भांगाला पाणी शांत, थर पक्के, ज्याला जिथे राहायचं तिथे राहता येतं.

आणि वेळ बघा. आपल्याकडच्या कोमट पाण्यात कोपेपॉडाला अंड्यातून निघून मोठं व्हायला एक-दोन आठवडे पुरतात. उधाणापासून उधाणापर्यंत पंधरवडा. म्हणजे एक अख्खी पिढी उधाणात जन्मते आणि भांगात मोठी होते, किंवा उलट. त्यांचं आयुष्य त्या एका ढवळण्या-निवळण्यात संपतं.

या कामाला आपल्याकडे जुनी परंपरा आहे, हेही सांगून टाकते, म्हणजे "हे काय नवीन खूळ" असं कुणी म्हणायला नको. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला अनेक देशांच्या जहाजांनी मिळून हिंदी महासागराची मोठी पाहणी केली. जाळ्यांत आलेले प्लवकांचे नमुने निवडायला, मोजायला कोचीत केंद्र उघडलं. त्या मोहिमेतूनच १ जानेवारी १९६६ला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था उभी राहिली, तिचं मुख्यालय गोव्यात दोना पावलाला. मांडवी-झुआरीतल्या प्लवकांची मोजदाद १९७०च्या दशकापासून चालली आहे. तेव्हा मामा, किडे मोजणारी मिनू पहिली नव्हे.

आता घरातली गोष्ट.

फेलोशिप पाच वर्षांची असते. मिनूचं चौथं संपत आलंय. तिने दादाला सांगितलं की मला आणखी एक पावसाळा हवा, म्हणजे थीसिस पुढच्या वर्षाच्या अखेरीला जाईल. शेवटचे काही महिने कदाचित फेलोशिपशिवाय काढावे लागतील. दादाने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "चार वर्षांत तीन पावसाळे झाले ना? चौथा कशाला?" वहिनीने त्यात एका स्थळाचं नाव घातलं. मुलगा चांगला, घर चांगलं, वाट बघणार नाहीत. दादाने एका बँकेच्या परीक्षेचा फॉर्म आणून ठेवला. मिनूने तो भरला नाही. पंधरा दिवस बाप-लेक फोनवर जेवलीस का, जेवलो, एवढंच बोलत होते.

चौथा कशाला, तर हे असं. तिचं काम आहे भांग आणि उधाण यांची तुलना. नमुना एकदा घेऊन भागत नाही. त्याच जागी भरतीला जाळं ओढलं तर समुद्राचे जीव, ओहोटीला ओढलं तर खाडीचे. दुपारी ओढलं तर अर्धे तळाशी लपलेले, रात्री ओढलं तर वर आलेले. म्हणून पंचवीस तास होडीत बसायचं (दोन पूर्ण भरत्या-ओहोट्यांना तेवढे लागतात), दर दोन तासांनी वर एकदा आणि तळाशी एकदा जाळं, एक पंचमांश मिलिमीटर छिद्रांचं. सव्वीस बाटल्या. मग एकेक बाटली सूक्ष्मदर्शकाखाली, एकेक जीव ओळखून, मोजून. आणि हे सगळं उधाणाला एकदा, भांगाला एकदा. पहिला पावसाळा शिकण्यात गेला. दुसऱ्याला उधाण मिळालं, पण भांगाच्या दोन्ही वेळी पावसाने होडी निघू दिली नाही. तिसऱ्याला भांगाच्या रात्री इंजिन बंद पडलं, अकराव्या तासाला परत यावं लागलं. तिच्याकडे उधाणाच्या बाटल्या आहेत आणि समोर ठेवायला भांग नाही.

दादाला हे सगळं सांगून झालं होतं. पण "पाणी थोडं कमी हललं तर असा काय मोठा फरक पडणार? जे आहे त्यावर लिही," हे त्याचं म्हणणं. ते अगदीच अडाणी म्हणणं नव्हतं. उधाणाला गोव्यात पाणी सव्वादोन मीटर चढत-उतरत असेल तर भांगाला दीड. बघणाऱ्याला फार फरक दिसत नाही.

दिवाळीला मिनू घरी आली. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर ती दादासमोर वही घेऊन बसली. मी लाडू बांधत होते, त्यामुळे सगळं ऐकलं.

"बाबा, तुमच्या आयडी फॅनचा वेग निम्मा केला तर वीज किती लागते?"

दादाने अख्खी नोकरी कोराडी पॉवर स्टेशनमध्ये पंप आणि पंख्यांवर काढली. बाबा (आमचे) पहिला संच सुरू झाला त्या १९७४ साली इथे आले, दादा त्यांच्या मागोमाग लागला, आणि जुने संच बंद होऊन ६६० मेगावॉटचे तीन नवे उभे राहिलेले बघून निवृत्त झाला. हा प्रश्न त्याला झोपेत विचारला तरी चालेल.

"निम्मी नाही लागत. आठवा हिस्सा. वेगाचा घन असतो तो."

"पाण्याच्या घुसळणीचंही तेच आहे," मिनू म्हणाली. "प्रवाहाची ढवळायची ताकद वेगाच्या घनाने वाढते."

मग तिने वहीत लिहिलं : वर खोली, खाली वेगाचा घन. पाणी जितकं खोल तितकं ढवळायला जड, वेग जितका जास्त तितकं सोपं, आणि तोही घनाने. सिम्प्सन आणि हंटर नावाच्या दोघांनी आयर्लंड-इंग्लंडमधल्या समुद्रावर हे गणित मांडलं. उन्हाळ्यात तिथे एका बाजूला थर बसलेलं पाणी आणि दुसऱ्या बाजूला घुसळलेलं, आणि मधली सीमा नकाशावर काढता येते, ती या एका भागाकाराने सांगता येते. त्या सीमेवर प्लवकांची गर्दी, म्हणून माशांची, म्हणून पक्ष्यांची. आपल्याकडे खाडीत थर बसवायचं काम उन्हापेक्षा पाऊस जास्त करतो, त्यामुळे गणित तसंच्या तसं लागत नाही, पण घन तोच.

"कोणत्या सालचं हे?" दादाने विचारलं.

"चौऱ्याहत्तर."

दादा काही बोलला नाही. मोबाइलवर कॅल्क्युलेटर काढला. दीड भागिले दोन पॉइंट तीन. गुणिले तेच, गुणिले तेच. शून्य पॉइंट सत्तावीस आणि वर काहीतरी आलं. त्याने मोबाइल मिनूकडे वळवला.

"म्हणजे भांगाला पाव हिस्सा ताकद?"

"अंदाजे. प्रवाह अगदी पाण्याच्या उंचीच्या प्रमाणात असतो असं नाही. पण तेवढाच."

"मग तू हे आधी काहून नाही सांगितलं?"

वहिनी म्हणाली, "तुम्ही विचारलं कधी?" आणि ताटं उचलायला लागली.

दुसऱ्या दिवशी दोघं कोराडीच्या तलावावर गेली. मीही गेले, कारण जगदंबेचं दर्शनही व्हायचं होतं. तलावाला भरती नाही; चंद्र आपल्या तलावाला हलवत नाही, तेवढं पाणीच नाही. इथे पळी वाऱ्याच्या हातात. दिवसा ऊन वरचं पाणी तापवतं, रात्री ते गार होऊन जड होतं आणि खाली बसतं, त्यात वारा असला तर ढवळतो. दादाने एका बाटलीत थर्मामीटर अडकवून वरचं आणि खालचं तापमान घेतलं, दुपारी आणि दुसऱ्या दिवशी पहाटे. दुपारी वर कोमट, खाली गार. पहाटे फरक गेला होता. मिनूने पाणी जाळीतून गाळून शाळेच्या जुन्या सूक्ष्मदर्शकाखाली धरलं आणि दादाला दाखवलं. एक डोळा, मागे दोन अंड्यांच्या पिशव्या. सायक्लॉप्स. दादा बराच वेळ डोळा लावून बसला. मग म्हणाला, "हाच का तो आजीचा?"

आपल्या देवीचं रूप दिवसातून तीनदा बदलतं, असं मानतात : सकाळी बालिका, दुपारी तरुणी, संध्याकाळी प्रौढा. परतताना मिनू मला म्हणाली, "आत्या, खाडीचं रूप चारदा बदलतं, आणि लोक एकदाच दर्शन घेऊन परत येतात." मला ते वाक्य आवडलं, म्हणून इथे लिहून ठेवलं.

तेव्हापासून दादाला एक नवीन नाद लागलाय. कोकणातले जुने लोक भरतीची वेळ तिथीवरून काढतात : तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची. अष्टमी, म्हणजे आठाची पाऊण सहा, भरती सहाच्या सुमारास, सकाळी आणि संध्याकाळी. पौर्णिमेला पंधराची पाऊण सव्वाअकरा. मुंबईला हे बऱ्यापैकी जुळतं, गोव्याला त्याच्या थोडी आधी. दादाने स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर पुढच्या पावसाळ्यातल्या सगळ्या अष्टम्यांना लाल खूण केली आहे आणि शेजारी वेळा लिहिल्या आहेत. दूधवाल्याच्या हिशेबाला जागा उरलेली नाही, अशी वहिनीची तक्रार. मिनूकडे संगणकावर मिनिटामिनिटाचे आकडे असतात, तरी ती दर आठवड्याला फोनवर त्याच्याकडून वेळ ऐकून घेते. एकदा त्याने विचारलं, होडीला दुसरं इंजिन ठेवता येईल का, आणि त्याचा खर्च किती.

बँकेचा फॉर्म अजून टीव्हीखालच्या कप्प्यात आहे. कुणी फेकलेला नाही, कुणी भरलेलाही नाही.

आणि हो, ज्यांनी श्रावण शुद्ध अष्टमीच्या आसपास मुलाकडच्यांना घेऊन कोराडीला येऊ म्हणून कळवलं आहे, त्यांना दादाने निरोप द्यायला सांगितला आहे. त्या दिवशी भांग आहे. मिनू होडीत असेल. पौर्णिमेनंतर या.